सोसायटीतील प्रत्येक घराला पाण्याचा मीटर : वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

पुण्याच्या पूर्वेकडील उपनगरातल्या आमच्या ७२ घरांच्या सोसायटीने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रत्येक घरासाठी पाण्याचे स्वतंत्र मीटर बसवून घेतले. त्यांच्या वापराला वर्ष पूर्ण झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. मीटर अल्ट्रासोनिक प्रकारचे, १५ मिलिमीटर व्यासाचे आणि नोंदी बिनतारी पाठवणारे आहेत. पुरवठादार कंपनीचे नाव मी देत नाही, कारण काही तक्रारींचा निकाल अजून लागायचा आहे आणि पुढे लिहिलेले बहुतेक मुद्दे कोणत्याही कंपनीच्या मीटरला लागू पडतील. हा खर्च आम्ही पैसे वाचवण्यासाठी मुळीच केला नव्हता. २०२४च्या उन्हाळ्यात पाण्यावरून आमच्याकडे जी भांडणे झाली ती पुन्हा होऊ नयेत, एवढा एकच हेतू होता आणि म्हणून या वस्तूची परीक्षाही मी त्याच कसोटीवर करणार आहे.

त्या भांडणांची पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय मीटरचे गुणदोष समजणार नाहीत. ऑगस्ट २०२३ हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि ऑक्टोबर संपता संपता राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमच्या जिल्ह्यातले पुरंदर, बारामती आणि शिरूर हेही होते. आमच्या दोन बोअरपैकी एक जानेवारीत आटला आणि दुसरा मार्चमध्ये अर्धा तास चालून गुळण्या टाकू लागला. नळाचे साधारण १५ हजार लिटर पाणी सोडले तर उरलेली सगळी गरज टँकरवर आली. १० हजार लिटरचे रोज चार टँकर आणि प्रत्येक टँकरचे १,२०० रुपये, म्हणजे महिन्याला १ लाख ४४ हजार रुपये, घरटी २,००० रुपये. मे महिन्यात दर वाढत गेला, आणि पैसे मोजूनही टँकर वेळेवर येईल याची खात्री राहिली नाही.

मी तेव्हा सोसायटीची सचिव होते. सकाळी ६ ते साडेसात आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेसात एवढ्याच वेळात पाणी सोडण्याच्या सूचनेवर माझी सही होती, त्यामुळे त्यानंतरचे दोन महिने लोकांच्या रागाला मी तोंड दिले, आणि तो राग खोटा होता असे मला आजही म्हणवत नाही. सकाळी सातला कामावर निघणाऱ्या परिचारिकेला रात्री परतल्यावर नळ कोरडा मिळत होता. सातव्या मजल्यावर पाणी पोहोचेपर्यंत तळमजल्यावरची पिंपे भरलेली असत. आधी वरच्या मजल्यांचे आणि खालच्या मजल्यांचे वाजले, मग विंगा-विंगांत फूट पडली, आणि शेवटी मालक विरुद्ध भाडेकरू असे दोन तट पडले. तीन सदनिकांत मिळून ११ विद्यार्थी भाड्याने राहत होते; पाणी तेच उधळतात हे जवळपास प्रत्येकाने गृहीत धरले होते. टँकरचा खर्च घरटी समान वाटायचा, क्षेत्रफळावर वाटायचा की माणशी, यावर विशेष सर्वसाधारण सभा चार तास चालली आणि कोणताही ठराव न होता उधळली गेली.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोणीतरी रात्री दोनच्या सुमारास ब विंगची चावी सोडली आणि सकाळी टाकी रिकामी निघाली. चावी सोडण्या-बंद करण्याचे काम आमचा वॉचमन करत असे. वीस-पंचवीस माणसांनी त्याला गेटपाशी घेरले, दोघांनी धक्काबुक्की केली, आणि तो दुसऱ्या दिवशी हिशेब मागून गावी निघून गेला. तो बीड जिल्ह्यातला होता, म्हणजे पाण्याच्याच ओढीने पुण्यात आलेला माणूस. त्याच्या हातून चूक झाल्याचा एकही पुरावा नव्हता. ही गोष्ट मी विसरू शकलेले नाही आणि मीटरच्या प्रस्तावाला मी पाठिंबा दिला त्यामागे हे कारण सर्वांत मोठे होते.

माझे माहेर लातूरचे. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा शहरातल्या पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमाव होऊ नये म्हणून मार्च महिन्यात कलम १४४ लागू करावे लागले होते. एप्रिलच्या ११ तारखेला मिरजेहून दहा वॅगनची पहिली पाण्याची गाडी निघाली आणि सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून दुसऱ्या दिवशी पहाटे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली, हे अनेकांना आठवत असेल. मला मात्र माझ्या भावाच्या गल्लीतली घागरींची रांग जास्त आठवते. तिथे माणसाऐवजी घागर नंबरात उभी असे, प्रत्येक घागरीवर रंगाने घराची खूण केलेली असे, आणि कोणाच्या किती घागरी भरल्या हे सगळ्या गल्लीला दिसत असे. त्यामुळे लातूरमधली टंचाई आमच्यापेक्षा कितीतरी भीषण असूनही त्या एका गल्लीत शेजाऱ्यांमध्ये वैर झाले नाही. आमच्या सोसायटीत पाणी भिंतीतून वाहत होते, कोण किती वापरतो हे कोणालाच दिसत नव्हते, आणि जे दिसत नाही त्याविषयी प्रत्येकाने आपल्या मनातला शेजारी रंगवला होता.

आता मुख्य विषयाकडे येते. जुन्या इमारतीत घरटी मीटर बसवणे म्हणजे घरटी एक मीटर बसवणे नव्हे, हे आम्हाला पैसे भरण्याच्या वेळी कळले. वीजमीटर एका तारेवर बसतो, पण गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारे नळ आमच्याकडे प्रत्येक घरात तीन ठिकाणी शिरतात : स्वयंपाकघर, पुढचे न्हाणीघर आणि मागचे न्हाणीघर. म्हणजे ७२ घरांना २१६ मीटर लागले. नळजोडणीच्या कामासह घरटी १४ हजार ५०० रुपये आणि एकूण १० लाख ४४ हजार रुपये खर्च आला. शिवाय नोंदी गोळा करून बिल तयार करण्याच्या सेवेसाठी घरटी दरमहा ६० रुपये वेगळे. ज्या इमारतीत बांधकामाच्या वेळीच प्रत्येक घराला एकच जोडणी दिलेली असेल तिथे हा खर्च एकतृतीयांशाच्या आसपास येईल, आणि नवीन घर घेणाऱ्याने बिल्डरला हा प्रश्न आधी विचारावा असे मी आग्रहाने सांगेन.

पाते फिरणारे साधे यांत्रिक मीटर निम्म्याहून कमी किमतीत मिळत होते. तरीही अल्ट्रासोनिक घेण्याचा निर्णय योग्य ठरला. यांत्रिक मीटरचे पाते फिरायला पाण्याला थोडा जोर लागतो, त्यामुळे थेंबथेंब गळती त्याला सहसा कळत नाही. अल्ट्रासोनिक मीटरमध्ये फिरणारा भागच नसतो. ध्वनिलहरीला प्रवाहाच्या दिशेने आणि उलट दिशेने जायला लागणाऱ्या वेळांतल्या फरकावरून तो वेग मोजतो आणि अगदी बारीक धारही नोंदवतो. बोअरच्या जड पाण्याचा क्षार पात्यावर बसून मीटर अडकण्याचा धोकाही इथे कमी असतो. बॅटरी दहा वर्षे टिकेल असे पुरवठादाराने लेखी दिले आहे. एका वर्षावरून त्यावर मत देणे बरोबर नाही.

बसवण्याचे काम मात्र वाईट झाले. पाच दिवसांत संपवतो असे सांगून पाच आठवडे लागले. डक्टमधले जुने लोखंडी पाइप हात लावताच गळू लागले, आठ घरांत फरशा फोडाव्या लागल्या, आणि त्या पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणाची हे करारात लिहिलेले नव्हते. २१६ पैकी ९ मीटर पहिल्या सहा महिन्यांत बंद पडले. ते बदलून मिळाले, पण एकेका मीटरसाठी तीन-तीन आठवडे फोन करावे लागले. मीटरच्या आधी बसवलेली बारीक जाळी टँकरच्या गाळाने तुंबते आणि मग वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब कमी होतो. फेब्रुवारीत याच कारणावरून सातव्या मजल्यावर पुन्हा आवाज चढले होते. दर दोन महिन्यांनी जाळ्या साफ करण्याची तरतूद मूळ करारातच असली पाहिजे. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरते तेव्हा पाइपमधली हवा बाहेर पडताना काही मीटर चुकीच्या नोंदी दाखवतात, हीही तक्रार आली. टाकीच्या तळाशी थोडे पाणी कायम राहील अशी व्यवस्था केल्यावर ती थांबली.

या सगळ्या त्रासाच्या बदल्यात जे मिळाले, त्याचे मोल मात्र मोठे आहे. आम्ही घरोघरच्या मीटरबरोबर चार विंगांच्या टाक्यांच्या तोंडाशी एकेक मोठा मीटर आणि टँकर जिथे रिकामा होतो तिथे एक मीटर बसवला होता. पहिल्या महिन्यातच दोन गोष्टी उघड झाल्या. १० हजार लिटरचा म्हणून घेतलेला टँकर प्रत्यक्षात ८,६०० ते ८,८०० लिटरच्या आसपास ओतत होता. आणि ड विंगच्या टाकीतून निघालेले पाणी व घरांत पोहोचलेले पाणी यांत सुमारे बारा टक्क्यांची तफावत होती. शोध घेतल्यावर गच्चीवरच्या एका जोडातून पाणी थेट पावसाळी पन्हाळीत जात असल्याचे दिसले. आम्ही उन्हाळाभर एकमेकांच्या बादल्या मोजत होतो आणि तेवढ्या काळात रोज सुमारे अर्धा टँकर पाणी आमच्याकडे आलेलेच नव्हते. टँकरमालकाला नोंदी दाखवल्यावर त्याने वाद घातला नाही. तेव्हापासून आम्ही मीटरवर पडलेल्या लिटरचेच पैसे देतो.

घरोघरच्या नोंदींनीही असेच गैरसमज दूर केले. विद्यार्थ्यांच्या तिन्ही सदनिकांचा माणशी वापर सोसायटीच्या सरासरीपेक्षा कमी निघाला, कारण ती मुले दिवसभर बाहेर असतात, एकच वेळ स्वयंपाक करतात आणि कपडे आठवड्यातून एकदा धुतात. सर्वांत जास्त माणशी वापर एका वृद्ध जोडप्याच्या घरी दिसला. ते दोघे अत्यंत काटकसरी आहेत, भाज्या धुतलेले पाणीसुद्धा कुंड्यांना घालतात. त्यांच्या मीटरवर रात्री दोन ते चार या वेळातही ताशी वीस लिटरचा प्रवाह अखंड दिसत होता, म्हणजे दिवसाला ४८० लिटर. फ्लशच्या टाकीतली रबरी चकती झिजली होती आणि पाणी आवाज न करता भांड्यात उतरत होते. प्लंबरने साठ रुपयांची चकती बदलली. आजोबांनी त्या दिवशी माझ्याकडे येऊन विचारले, “ताई, मागच्या उन्हाळ्यातसुद्धा हे चालूच असेल का?” मी सांगितले, “काका, असेलही, पण ते ना तुम्हाला माहीत होतं ना आम्हाला.” त्यानंतर त्यांनी स्वतःहून सूचनाफलकावर चिठ्ठी लावली आणि फ्लशच्या टाकीत थोडी हळद टाकून गळती कशी ओळखावी हे सविस्तर लिहिले. त्या चिठ्ठीमुळे आणखी सहा घरांतली गळती सापडली.

वेळेचे बंधन आणि मोजमापाचे बंधन यांतला फरकही मला या वर्षात नीट कळला. अडीच तासच पाणी मिळणार म्हटल्यावर प्रत्येक घर पिंप, बादल्या, पातेली, जे हाती येईल ते भरून ठेवत होते, आणि दुसऱ्या दिवशी पाणी आले की आदल्या दिवशीचे उरलेले पाणी शिळे म्हणून ओतून देत होते. पाणी शिळे होते या समजुतीने आमच्या सोसायटीत त्या उन्हाळ्यात रोज किती पाणी मोरीत गेले असेल याचा विचार केला तरी वाईट वाटते. शिवाय कोरडा नळ उघडा ठेवून कामावर गेलेल्यांच्या घरी संध्याकाळी पाणी वाहत राहत असे ते वेगळेच. मीटर आल्यानंतर आम्ही २०२५च्या मार्चपासून वेळेचे बंधन पूर्ण काढले आणि पाणी चोवीस तास ठेवले. वापर वाढेल अशी अनेकांना भीती होती, पण तो घटला. एप्रिल २०२४ मध्ये रोजचे चार टँकर लागत होते, एप्रिल २०२५ मध्ये दोन दिवसांत पाच टँकर पुरले. महिन्याला ५४ हजार रुपये वाचले. टंचाईचे पाच महिने धरून आणि दरमहाची सेवा वजा करून हिशेब केला, तर मीटरचा खर्च भरून यायला पाच वर्षे लागतील. विक्रेते दोन वर्षांत पैसे वसूल होतील असे सांगतात, त्यावर विसंबू नये.

आता ज्या बाबतीत आम्ही स्वतः चुकलो ती सांगते, कारण मीटर घेणाऱ्या प्रत्येक सोसायटीपुढे हा प्रश्न येणारच आहे. पहिल्या तीन महिन्यांत आम्ही घरटी १५ हजार लिटरची मर्यादा ठरवली आणि त्यावरील वापराला चढा दर लावला. पहिल्याच बिलात सर्वाधिक दंड सहा माणसांच्या एका एकत्र कुटुंबाला पडला, ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली आजी आणि दहा महिन्यांचे बाळ आहे. त्यांचा माणशी वापर दिवसाला ११० लिटर होता. दोनच माणसे राहत असलेल्या एका घरात तो १९० लिटर होता, आणि त्यांना मात्र एक रुपयाही जास्त पडला नाही. शहरी पाणीपुरवठ्यासाठी देशात माणशी १३५ लिटरचे जे प्रमाण धरले जाते त्याहून कमी पाण्यात भागवणाऱ्या घराला आम्ही उधळे ठरवले होते. त्या घरातल्या सूनबाई सभेत एवढेच म्हणाल्या, “आजींची चादर रोज धुवावी लागते, ती कशी धुवायची नाही ते मला सांगा.” सभेत कोणाकडेच उत्तर नव्हते. दंड परत केला, जाहीर दिलगिरी व्यक्त केली, आणि जानेवारीपासून मर्यादा माणशी महिना ४,००० लिटर अशी केली. घरात आजारी माणूस असल्यास मर्यादा लागू नाही. माणसे किती हे प्रत्येकाने स्वतः लिहून द्यायचे आणि त्यावर कोणी शंका घ्यायची नाही, असेही ठरले. दोन घरांनी आकडा फुगवून लिहिला असावा असे मला वाटते, पण घरात शिरून माणसे मोजण्यापेक्षा तेवढी तूट सोसणे चांगले.

दुसरा प्रश्न कोणाचे आकडे कोणाला दाखवायचे याचा होता, आणि तो अधिक नाजूक होता. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउन शहराने २०१८ च्या दुष्काळात घरोघरचा वापर दाखवणारा नकाशाच लोकांसाठी खुला केला होता. मर्यादेत राहणाऱ्या घरावर हिरवा ठिपका दिसे. तिथे फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा होती आणि जास्त वापर करणाऱ्या घरांच्या जोडणीवर दिवसाला ३५० लिटरनंतर पाणी थांबवणारे यंत्र बसवले जात होते. हिरवा ठिपका नसलेल्या घराकडे शेजाऱ्यांनी कसे पाहिले असेल, याची कल्पना आमच्या वॉचमनचे काय झाले ते पाहिलेल्या माणसाला करता येते. म्हणून आम्ही फलकावर चारही विंगांचे एकत्रित आकडे, टँकरचे प्रत्यक्ष लिटर आणि गळतीची टक्केवारी लावतो. घराचा आकडा फक्त त्या घराला कळतो. पुरवठादाराच्या व्यवस्थेत मात्र तासातासाची नोंद सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना दिसत होती. कोणत्या घरी कोणत्या वेळी कोणी नसते हे त्यावरून सहज कळते. ही सोय आम्ही बंद करून घेतली आणि रात्रीच्या अखंड प्रवाहाची सूचना तेवढी ठेवली. हे करायला कंपनीने दोन महिने लावले आणि आधी तर ते शक्यच नाही असे सांगितले, हा या सेवेतला गंभीर दोष आहे.

मर्यादा ओलांडताच घराचे पाणी आपोआप बंद करणारी चावी आणि आगाऊ पैसे भरण्याची पद्धत, हा जोड कंपनीने सवलतीत देऊ केला होता. आम्ही तो नाकारला आणि कोणीही तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. थकबाकी वसूल करायला इतर मार्ग आहेत. शेजाऱ्याचे पाणी तोडण्याचे बटण शेजाऱ्याच्या हाती देणारे यंत्र सोसायटीत असू नये.

कंपनीचे मोबाइल ॲप सुमार आहे. ते केवळ इंग्रजीत आहे, आकडे एक दिवस उशिरा येतात, आणि ज्या ज्येष्ठांना गळतीची सूचना सर्वांत आधी मिळायला हवी त्यांनाच ते वापरता येत नाही. आमच्या दोन विद्यार्थ्यांनी दर महिन्याच्या पाच तारखेला सगळ्या आकड्यांची मराठी चिठ्ठी छापून प्रत्येक दारात टाकायला सुरुवात केली आहे. ज्यांच्यावर एक उन्हाळाभर संशय घेतला गेला त्यांनी हे काम आपण होऊन अंगावर घेतले, याबद्दल मला त्यांचे फार कौतुक आणि थोडी लाजही वाटते.

मोजमापाने भांडण मिटतेच असे मात्र कोणी समजू नये. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस नाशिक आणि नगरच्या धरणांतून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठी सुमारे ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला. धरणांतला साठा रोज मोजला जातो, कोणाच्या वाट्याला किती याचे सूत्र ठरलेले आहे, समन्यायी वाटपाला २००५ च्या कायद्याचा आधार आहे. तरीही दोन्हीकडचे लोक रस्त्यावर उतरले आणि पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. आकडे ठाऊक असले तरी पिकाची चिंता कमी होत नाही. पण दोन्ही बाजू एकाच आकड्यावर बोलत होत्या एवढे तरी तिथे होते. आमच्या चार तासांच्या सभेत तेही नव्हते. हिवरे बाजारच्या ग्रामसभेत दरवर्षी पडलेल्या पावसाचा आणि उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवतात, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. आमच्या सोसायटीने तशी पहिली सभा २०२५ च्या फेब्रुवारीत घेतली, बोअरची पातळी, नळाचे पाणी आणि टँकरचा अंदाज कागदावर मांडला, आणि ती सभा पन्नास मिनिटांत संपली.

या परीक्षणाला एक मोठी मर्यादा आहे, ती सांगणे माझे कर्तव्य आहे. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि महिना संपण्याआधी मोसमी वारे महाराष्ट्रात दाखल झाले. ज्या मे महिन्यात आमच्याकडे २०२४ साली धक्काबुक्की झाली, त्याच महिन्यात २०२५ साली बोअरला पाणी आले. म्हणजे आमच्या मीटरनी मार्च आणि एप्रिल पाहिला आहे, पण खरा दुष्काळी मे-जून अजून पाहिलेला नाही. दोन्ही बोअर कोरडे आहेत, टँकर दोन दिवस आलेला नाही आणि टाकीत ठणठणाट आहे, अशा वेळी फलकावरचा आकडा लोकांना किती शांत ठेवील, हे मी आज सांगू शकत नाही. मीटर पाणी निर्माण करत नाही. आमचा टँकर ज्या गावातल्या विहिरीवरून भरून येतो, तिथल्या लोकांना आमच्या बचतीतून थोडे जास्त पाणी उरले की टँकरमालकाने ते दुसऱ्या सोसायटीला विकले, हेही मला माहीत नाही आणि त्याची टोचणी आहे.

तरीही घ्यावे का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे आहे. सगळ्या घरांना मीटर बसवण्याआधी टँकरच्या तोंडाशी एक आणि प्रत्येक विंगेच्या टाकीला एक असे चार-पाच मोठे मीटर बसवावेत. त्याला आमच्याकडे एकूण खर्चाच्या मानाने अगदी किरकोळ रक्कम लागली आणि निम्म्याहून अधिक संशय त्यांनीच दूर केला. तीन महिने ते आकडे सर्वांना दाखवावेत. त्यानंतरही घरोघरच्या वापरावरून वाद असेल आणि इमारतीत घरटी एक-दोनच जोडण्या असतील तर घरोघरचे अल्ट्रासोनिक मीटर जरूर घ्यावेत. घरटी चार-पाच जोडण्या असतील तर आधी जोडण्या कमी करता येतात का ते पाहावे. दर ठरवताना पहिल्या दिवसापासून माणशी मर्यादा ठेवावी. यंत्राला मी पाचपैकी चार गुण देईन, बसवण्याच्या कामाला आणि नंतरच्या सेवेला दोन.

करार नूतनीकरणासाठी आला आहे. मराठी चिठ्ठी कंपनीने स्वतः छापून द्यावी, बंद मीटर सात दिवसांत बदलावा, जाळ्यांची साफसफाई सेवेत धरावी आणि तासातासाच्या नोंदी साठवूच नयेत, या चार अटी आम्ही लेखी पाठवल्या आहेत. पहिल्या तीन मान्य झाल्या आहेत. चौथीवर बोलणी सुरू आहेत. दरम्यान, जुन्या वॉचमनचा फोन क्रमांक त्याच्या गावाकडच्या माणसाकडून मिळवून ब विंगमधल्या दोघांनी त्याची माफी मागितली आणि त्याला परत बोलावले. तो आला नाही. त्याला आता गावाजवळच काम मिळाले आहे. त्याचे राहिलेले आठ दिवसांचे पैसे आम्ही त्याला पाठवले.